तरीच्या वेळा

मी पर्जन्यमापक वाचतो.
एकोणीस वर्षं, सकाळी साडेआठला,
शाळेमागच्या कुंपणात वाकून.
काचेचं नळकांडं डोळ्यांच्या रेषेत धरायचं,
पाण्याची खालची कड बघायची,
वहीत लिहायचं.
वडलांच्या तेराव्यालाही लिहिलं होतं :
निरंक.

वेळणकोंडात हळवं भात कापून आडवं पडलेलं,
आश्विनातला कोरडा, कडक आठवडा.
तेव्हा विमान आलं.
पांढरं, ठेंगणं, पंखाखाली नळ्या लावलेलं.
खाडीवरून दोनदा गेलं, तिसऱ्यांदा वळलं.
पोरांनी हात केले.
रात्री पडला.
एकेचाळीस पूर्णांक दोन मिलिमीटर.

चौथ्या दिवशी पेंढ्यांना कोंब फुटले,
हिरवे, देखणे.
पीक मेलंय, हे त्या हिरव्याला कुणी सांगावं?

सुनावणी तालुक्याला झाली, नव्या सभागृहात.
भिंतीवर नकाशा :
घाटावरचं धरण निळं, शहरं पिवळी,
आणि आमचा किनारा जिथे असायला हवा
तिथे चौकटीत छापलेली खुणांची सूची.

हुस्नबानू परकार म्हणाल्या,
जवळा वाळत घातला होता, चार पाट्या,
रेतीसकट वाहून गेला.
तलाठी म्हणतो, जवळा पीक नाही;
मत्स्यवाले म्हणतात, सुकला की मासा नाही.
मग तो होता तरी काय, तेवढं लिहून द्या.

धोंडू भुवड उठला.
वाटलं, आता हा टेबल बडवणार.
तो म्हणाला,
"माजा गरवा दाना भरत व्हता. पानी लागत व्हता.
ह्या पावसान तो वाचला. खोटा कशाला बोलू?"
आमच्याच माणसांनी त्याच्याकडे वळून पाहिलं.
तो बसला नाही.
"पन शेजाऱ्याचा कुजला.
मना इचारला असता तर म्हटला असता, दोन दिस थांबा.
दोन दिसांत त्याचा भात घरात आला असता."

मग कंपनीच्या बाईंनी मला विचारलं.
वाईट नव्हत्या. वहीला हात लावण्याआधी
हात पुसले त्यांनी.
"या एकेचाळीस पूर्णांक दोनमधला
आपोआप किती पडला असता, सांगता येईल?"

मी पानं उलटली. एकोणीस वर्षं उलटली.
वहीत पाऊस आहे, पावसाचा बाप नाही.
"नाही," म्हटलं.
"तुम्हाला?"

बाहेर रिक्षा उलटी घेत होती,
तिचं गाणं संपेपर्यंत त्या थांबल्या.
"आम्हालाही नाही. नक्की असं नाही."

हे इतिवृत्तात घ्या, मी म्हटलं.
लेखनिकाने साहेबांकडे पाहिलं.
साहेबांनी पंख्याकडे.
घेतलं का, ठाऊक नाही.
दहा रुपयांचा स्टॅम्प लावून प्रत मागितली आहे.

परतताना जेटीवर तरीची वाट पाहत उभे होतो.
फलकावर खडूने वेळा :
सहा पन्नास, साडेसात, शेवटची सव्वानऊ.
खाली बारीक अक्षरात, ओहोटीला उशीर होईल.
एवढीशी तर,
पलीकडे जाऊन परत येणारी,
तीही सांगून सुटते.

हुस्नबानूंनी कठड्यावरचा खडू उचलला,
माझ्या हातात दिला.
"अक्षर तुमचं बरं."
सव्वानऊच्या खाली मी लिहिलं, आभाळ,
आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

तांडेल दोर टाकता टाकता वाचायला थांबला.
"ही कुठली फेरी?"

धोंडू चढला, पिशवी मांडीवर घेऊन बसला.
"तिकीट आपल्याच पैशाचा," तो म्हणाला.
"सुटते कवा,
ता कोन सांगत नाय."