न वाजणारी पट्टी

मार्चात गळ्याचं ऑपरेशन झालं.
डॉक्टर म्हणाले, दोन महिने गाणं नाही,
कुजबुजायचं तेही बेतानं.
पाळकसाहेबांनी विचारलं, मग नव्या लोकांना कोण शिकवणार?
मी पाटीवर लिहिलं: मीच.

मोहननगरात आमच्या मागच्या खोलीत
संध्याकाळी सातला पाच जण आले.
शद्रखमामा, छत्तीस वर्षं अजनीच्या लोकोशेडमध्ये,
अजूनही इंजिनाच्या वरून बोलतात.
प्रिसिला, मेयोतली नर्स, उभ्या उभ्या झोपू शकणारी.
पंक्चरवाला बेंजामिन, त्याची बायको करुणा
(ती सोडायला आली होती, बसून राहिली),
आणि अनुग्रह, वय तेरा,
एका ओळीत ज्याचा गळा दोनदा बदलतो.

मी पेटीवर सा धरला.
शद्रखमामांनी कूलरचा धरला.
मी कूलर बंद केला.
"काऊन बंद केला बाई? जीव चालला ना!"
पाटीवर लिहिलं: तो बेसूर आहे.
मामा बराच वेळ कूलरकडे बघत राहिले,
जुन्या सोबत्यावर कुणी चोरीचा आळ घेतल्यासारखे.

मग घामात गायलो.
एक ओळ, पुन्हा तीच, पुन्हा तीच.
"तुम्ही बोलून राह्यल्या का गाऊन राह्यल्या,
काई समजून नाही राह्यलं," बेंजामिन म्हणाला.
म्हणून मी हातांनी गायले.
तळवा खाली, सूर खाली.
तळवा वर, सूर वर.
करुणा पोळ्या लाटायच्या हातानं हवेत तोच आकार काढायची
आणि सगळ्यांच्या आधी पोचायची.

पेटी सासऱ्यांची. तिचा मधला ध बोलत नाही,
भाता कितीही हला, नुसता उसासा येतो.
आख्ख्या गीतात ध एकदाच,
तिसऱ्या ओळीत, "मी" या शब्दावर.
तिथं पट्टी मुकी, मी मुकी,
म्हणून मी हात वर न्यायचे: इथं चढा.
ते पाचही जण गप्प व्हायचे.
मला वाटलं, श्वास घेतात.
बरं वाटलं, निदान श्वास तरी शिकले.

उत्तम शुक्रवार. दुपारचे दोन.
देवळाच्या भिंती तव्यासारख्या,
बाकांवर पदर, पंचे, वारा घालणारी वर्तमानपत्रं.
ऑर्गनवर मी. हा ऑर्गन धडधाकट,
याला प्रत्येक सूर तोंडपाठ.
पाच जण उभे राहिले. अनुग्रहची कॉलर
आईनं एवढी वर बांधलेली की त्याला गिळता येईना.

पहिली ओळ बरी गेली.
दुसरीत शद्रखमामांना कूलर आठवला, पण आवरलं त्यांनी.
तिसरीत, "मी" पाशी,
पाचही जण एका क्षणी थांबले,
इतके चोख, की जुन्या मंडळींनाही कधी जमलं नसतं,
आणि त्या रिकाम्या जागेत
माझ्या बोटाखालचा ध
एकटाच
छतापर्यंत गेला.

मी चूक केल्यासारखी लाल झाले.
मग ते पुढच्या शब्दावर उतरले, सगळे मिळून,
पायरी माहीत असलेल्या अंधारात उतरावं तसे.
चारही कडव्यांत तेच.
चौथ्याला मागच्या बाकांवरचेही थांबले.

दारात पाळकसाहेब म्हणाले,
"तो 'मी' गाळलात. फार विचार केलात बाई."
मी काही लिहिलं नाही. पाटी घरी होती.
प्रिसिला ड्यूटीवर पळाली,
बेंजामिननं विचारलं, "जमलं ना?"
मी तळवा वर केला.
ते सगळे पुन्हा गप्प झाले.

काल इतवारीतून पेटीवाला आला होता.
ध काढून पुसला, पितळेची जीभ घासली.
शंभर रुपये. वाजला.
आता माझाही आवाज थोडा थोडा निघतो,
खरबरीत, अनुग्रहसारखा.
सोमवारी नवं गीत सुरू करायचंय
आणि जुनं दुरुस्त करायचंय.

जुन्याचं अजून ठरत नाही.