घेर

सत्तावीस. मग एकतीस. मग छत्तीस.
टेप माझीच, दुकानातली,
रोज सकाळी बेंबीवरून फिरवायची
आणि गिऱ्हाइकांच्या वहीत शेवटच्या पानावर लिहायचं.
नाव नाही. नुसतं, घेर.

गोठिवलीत बायका पायरीवरूनच विचारायच्या,
कितवा गं?
मी म्हणायचे, पाचवा.
खोटं नव्हतं. पोट फुगायला लागून
पाचवाच महिना होता.

हातांच्या काटक्या, पाय सुजलेले,
उजव्या बरगडीखाली ओला पाटा ठेवल्यासारखं.
रबाळ्याला दोनदा सुईने पाणी काढलं.
आठवड्यात परत तेवढंच.

नेरूळला डॉपलर करणारी मुलगी
बराच वेळ काही बोललीच नाही.
मग डॉक्टरांनी केसपेपरच्या मागे काढून दाखवलं.
यकृतातून वर जाणाऱ्या तीन शिरा.
दोन बुजल्यात. तिसरी चिमटलीय.
रक्त येतंय, जायला वाट नाही.

सासरे ऐकत होते.
खारजमिनीत जन्म गेला त्यांचा,
ती जमीन आता कुठलासा सेक्टर आहे.
म्हणाले, उघाडी तुंबली म्हणा की.
भरतीला मिटणारी, ओहोटीला उघडणारी
बांधाच्या पोटातली झडप.
तिला गाळाने धरलं की पाणी शेतातच कुजतं
आणि लोक शिव्या बांधाला देतात.
मग काय, बांध फोडणार?

नाही आजोबा. मानेतून जाऊ.

भूल तेवढ्या जागेपुरतीच. मी जागी होते.
पडद्यावर शाईसारखं काहीतरी
फांदी फांदी पसरत गेलं, एका जागी अडलं.
आता दाब जाणवेल हं.
जाणवला.
फुगा फुगला, मधे बारीक कंबर त्याला,
बघता बघता ती कंबर गेली.
मग जाळीची नळी.
मनात म्हटलं, कॅनव्हास लावला,
आता कॉलर पडायची नाही.

एकही टाका नाही.
शिवणारीला हे पटायला वेळ लागला.

चौतीस.
साडेबत्तीस.

शेजारच्या खाटेवर ऐरोलीचा तन्मेश, बावीस वर्षांचा.
त्यालाही तशीच जाळी, तोच डॉक्टर,
पण यकृत आधीच थकलेलं.
त्याचं नाव आता दुसऱ्या, लांबलचक यादीत आहे.
परवा त्याची आई दुकानात आली,
चार अभ्रे शिवून घेतले,
पैसे मोजून दिले. बसली नाही.
माझ्या पोटाकडे बघणार नाही अशी बघत होती.

रात्री नऊला रक्त पातळ करणारी गोळी, आता कायमची.
दर महिन्याला रक्ताचंही माप,
दोन ते तीनच्या मधे हवं.
सुई टोचली की थेंब लवकर थांबत नाही,
म्हणून आईचं पितळी अंगुस्तान शोधून काढलं.

शिरेचं सांगता येत नाही, डॉक्टर म्हणतात,
पुन्हा आवळू शकते,
सहा महिन्यांनी येत जा.

आज एकोणतीस.
सैल कुर्ते काढून बसले, सगळे आत घेतले.
कापड कापलं नाही.
दोन बोटं माया ठेवलीय शिवणीत.