एक मेगोहम

मे महिना. बर्डीच्या मागच्या गल्लीत
पराते काकांचा कूलर सोल्डरचा धूर
माझ्याच तोंडावर फेकतो.
मी पेडल टेबलावर ठेवतो. चालू आहे काका,
पण गिटार रजईखालून वाजल्यासारखी वाटते.
बंद पडलं असतं तर बरं, सांगायला सोपं गेलं असतं.

चार स्क्रू चहाच्या बशीत.
"पिकअप म्हणजे काय? चुंबक, अन् केसावानी तार.
त्याच्यात जोर नसते.
अन् हे तुझं पेडल दारातच टुल्लू लावून बसलं.
आमच्या तांडापेठेत नळ आला का
पयल्या घरचा धकाते पंप लावे,
शेवटच्या घरी नुसती हवा. खुळखुळ.
इथं शेवटचं घर म्हणजे वरचे सूर."

मीटरची काडी टेकते.
"अडुसष्ट के. कोणं बसवला हा?"
मीच बसवला होता. बोललो नाही.

तपकिरी, काळा, हिरवा:
तांदळातला खडा वेचावा तसा
डबीतून एक रेझिस्टर निघतो.
दहा लाख ओहम.
म्हणजे जवळजवळ काहीच न करणं, पण मोजून.
दारात उभं राहणं,
आणि येणाऱ्याच्या हातातली पिशवी न ओढणं.

मग यालाही बसवा, म्हणत मी
जर्मेनियमचा जुना फझ काढतो.
काका हात मागे घेतात.
"याले नको. हा पिऊनच बोलते.
आठ-दहा के फक्त. गिटारचा व्हॉल्यूम जरा उतरव,
पाह्य कसा मवाळ होते.
मधात बफर टाकला का नुसता खेकसते.
काही लोकाईले अंगाले अंग लागल्याशिवाय
समजतच नाही, तसा.
अन् उन्हात नेऊ नको बाप्पा,
आज पंचेचाळीस हाय, याले भ्रम होते."

झाकण लागतं. मी तार छेडतो.
काका स्पीकरकडे नाही, माझ्याकडे बघतात.
"आला का वरचा?"

वीस वर्षं वरातीच्या ट्रकवर
अँप्लिफायर सांभाळून
त्यांचे कान आता तीन हजाराच्या वर चढत नाहीत.
पडद्यावरची हिरवी रेघ त्यांना दिसते.
बाकीचं गिऱ्हाइकाला विचारावं लागतं.

आला.
"कसा हाय?"

कसा सांगू. चकचकीत म्हटलं तर खोटं.
टोकदार, तेही नाही.
मग कपाटावर, वायरींच्या भेंडोळ्यामागे,
लाकडी धोटा दिसतो, लोखंडी टोकाचा.
काका, धोटा कडेला जाऊन आपटतो ना,
त्या ठोक्याच्या मागून जे बारीक येतं,
तसं.

सोल्डरची इस्त्री हातात तशीच.
"बाबाचा माग," ते म्हणाले,
"पाचाले उठवे मले."
आणि बराच वेळ ते स्पीकरजवळ वाकून राहिले,
मी काहीच वाजवत नसताना.

मग कूलर कोरडा घरघरला.
ते मात्र त्यांना ऐकू आलं.
बादली घेऊन उठले.