चौकोनी चाडं

मुनाफचाचांनी कागद उलटासुलटा करून पाहिला,
मग चष्म्यावरून मला.
"नरसाळं गोल रायते, बाई. हे चौकोनी कायले?"
यातून तेल जाणार नाही, म्हटलं.
"मंग?"
समोरच्या अंगणात तिफण उभी होती.
"चाडं समजा."
एवढ्यावर त्यांनी कातर उचलली.

पितळ मोडीतलं, अंजनगावच्या बाजारातून वजनावर घेतलेलं,
एक परात, ठोकून सपाट केलेली.
काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेलं:
चि. सौ. कां. इंदूस, मामाकडून.
ते नाव चाचांनी कापलं नाही.
बाहेरच्या अंगाला ठेवलं, तोंडाजवळ.

आत मात्र डाखाचा थेंबही नको.
तीन सेंटीमीटरची लाट,
तिला मसुराएवढं कथीलही आडवं येतं.
मागच्या नळीत एक तार उभी.
तिच्यावर मी अख्खा रविवार कानस चालवली:
सात मिलीमीटर, पावणेसात,
साडेसहा, आणि थांबले, श्वास धरून.

पथ्रोटच्या पाण्याच्या टाकीवर आम्ही दोघं.
उत्तरेला सातपुडा, धुतलेल्या निळीसारखा,
आणि वर चिखलदऱ्याला बाबूलाल कास्देकर,
जंगलखात्यात तीस वर्षं वायरलेसवर काढलेली.
फोनवर म्हणाले, "पाठवतोय. येतंय?"

कानात नुसती फरफर,
कुणी लांब कापूस पिंजत बसल्यासारखी.
दोन अंश डावीकडे. चार उजवीकडे.
बॅटरी पाहिली. तार पुन्हा मोजली.
फरफर.
ऊन टाकीच्या कठड्यावरून पायांशी आलं.

"शिवण बाजूले कशी ठेवली, बाई?
शिवण खालती पायजे. पानी शिरते."
आणि त्यांनी पुढे होऊन
हॉर्न पाव फेरा फिरवलं,
डबा ठेवतात तसं, सवयीनं.

फरफरीच्या पोटातून
एक बारीक शीळ. तुटक. लांब, आखूड, लांब.

त्यांची लाट आडवी होती, माझं तोंड उभं.
हे मी नववीच्या पोरांना शिकवते.

हेडफोन चाचांच्या कानाला लावला.
"काय म्हनते?"
ऐकू येतंय का, एवढंच.
"मंग सांग ना त्याले."
पाठवायचं यंत्र अजून बनायचंय, म्हणून फोनवरच सांगितलं.
चाचा हसले. "फोन होताच की मंग!"

पण हेडफोन काढला नाही.
उतरताना, निम्म्या जिन्यावर, थांबून म्हणाले,
"दुसरं करू. याची शिवण
मले काही आवडली नाही."