घोड्याचा पाय

फेब्रुवारीची पहिली रात्र. उन्स्ट बेटाच्या किनाऱ्यावर
आठ जणांनी शेकोटी पेटवली. वाऱ्याने ती तीनदा विझवली.
चौथ्यांदा त्यांनी ओडिनला हाका मारणं सोडून
रॉकेल ओतलं.

दवाखान्याच्या खिडकीतून मला एवढंच दिसलं.
मग दार वाजलं.

रुअरी, ग्लासगोचा, फोटोकॉपीची यंत्रं दुरुस्त करणारा.
गळ्यात थॉरचा हातोडा, दंडावर ताजी गोंदलेली रून-अक्षरं,
हातात मधाच्या दारूचं शिंग, थेंबही न सांडलेलं.
घोटा मात्र सलगमाएवढा.
देवांना दारू दाखवताना शेवाळावरून सटकला होता.

एक्स-रे लर्विकला. मध्ये दोन बोटी, दोन्ही बंद.
मी पाय उशीवर घेतला, बर्फ लावला,
दोन गोळ्या दिल्या. पुढे माझं शिक्षण संपतं.

सोबतची सोर्खा कॉर्कची. तिने खिशातून चिंधी काढली,
काल रात्रभर कुंपणावर टांगलेली,
जाता जाता ब्रीडने हात लावला असेल म्हणून.
"आमच्याकडे विहिरीपाशी झाडाला बांधतात," म्हणाली.
"इथे सकाळपासून झाड शोधतेय."
झाड म्हणावं असं झाड
या वाऱ्यात कुठून आणायचं, बाई?
एक चिंधी तिने शेवटी बसथांब्याच्या खांबाला बांधली होती,
ही दुसरी. तिने ती त्याच्या कपाळावर ठेवली.
दुखत होता पाय.

मग मी ओस्लाला फोन केला.
हे नोंदवहीत नाही.

ओस्ला आली. एक्याऐंशीची, गमबूट, कवळी घरी विसरलेली,
मुठीत काळ्या मेंढीची लोकर, स्वतः कातलेली.
बसली आणि धाग्याला गाठी मारू लागली. नऊ.
दर गाठीला ओठांतल्या ओठांत पुटपुटत होती
त्या घोड्याचं, जो उतारावर ठेचाळला,
आणि स्वाराचं, जो खाली उतरून
त्याचा सांधा सांध्याला, शीर शिरेला
लावत बसला.

रुअरी ताडकन उठून बसला. "हा ओडिन!
वाचलंय मी हे! हजार वर्षांचं आहे!
नाव घ्या ना. मोठ्याने घ्या."

ओस्लाने आधी गाठ पुरी केली.

"आजी ख्रिस्त म्हणायची.
आजीची आजी आणखी कुणाचं तरी घ्यायची, दार लावून.
पाद्री गावात असला की तेही नाही.
मला लहानपणी धड काहीच ऐकू आलं नाही.
त्या जागी मी श्वास घेते."

"आणि तरी गुण येतो?"

"स्वार काय, बदलतात," ती म्हणाली.
"लंगडतो तो घोडाच."

पैसे घेत नाही ती. आभारही मानायचे नसतात,
आभार मानले की गुण जातो.
शिंगातली दारू तेवढी हुंगली, एक घोट घेतला,
"खोकल्याचं औषध," म्हणाली, आणि वाऱ्यात वाकून गेली.

मी नोंद केली: लचक. बर्फ. पॅरासिटामॉल.
डाव्या घोट्याला काळा धागा, रुग्णाच्या इच्छेने ठेवला.

तिसऱ्या दिवशी बोट सुटली. तो लंगडत गेला,
थोडा कमी, की मलाच तसं वाटलं.
परतताना बसथांब्यापाशी पाहिलं तर
सोर्खाची चिंधी सुटत आली होती.
भिंतीपलीकडे एक तट्टू, वाऱ्याकडे पाठ करून.
बाकी कुणी नव्हतं.

मी हातमोजे काढले.
एक गाठ मारली. नाव काही सुचेना.