पित्त

वेंगुर्ल्याच्या बंदरात होड्यांना रोगण लावणारा मी.
पाद्री म्हणाले, रुझार, वेदीजवळचं चित्र तेवढं साफ करून दे.
तीनशे वर्षांचा मेणबत्त्यांचा धूर,
चौकटीत पालीची अंडी, वाळवीची एक वाट.
चित्रात काय, तर काळोख,
आणि काळोखात कुणाचं तरी कोपर.

रॉकेल लावू नकोस, म्हणाले.
मग थुंकीनं पुसलं. खरंच. कापसाचा बोळा, स्वतःची थुंकी.
अकरा दिवस विड्याशिवाय राहिलो.

आधी कुत्र्याचा कान निघाला.
मग देवदूताचा पंख; मला वाटलं फाटकं शीड.
बापूस मागच्या बाकावर, रोज विचारी,
"आज काय भायर इला?"
त्याला दिसत नाही. सावंतवाडीचा डॉक्टर म्हणाला, काचबिंदू,
दोन वर्षं आधी आणायला हवं होतं.
दोन वर्षं आधी आम्ही इंजिनाचे हप्ते भरत होतो.

बुधवारी मासा.
"खंयचो?"
सांगता येईना. तोंड घोळीचं, शेपूट मुडदुशीचं,
चित्रकारानं बाजार पाहिला असेल, जाळं नाही.
पोट फाडलेलं, पोराच्या चिमटीत हिरवट काहीतरी.
पाद्रींनी गोष्ट सांगितली: तोबिया, त्याचा आंधळा बाप,
माशाचं पित्त डोळ्यांवर चोळलं, आणि
बापूस मध्येच हसला.
"पित्त फुटला तर आख्खा तिखला वाया.
तुझी आवस ता मांजराक पण घाली नाय होती."

पुढचे तीन दिवस मी पडदाच पुसत बसलो.
लाल पडदा, त्याच्या घड्या, गरज नसताना.
म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर बोटभर धूर तसाच,
पोराचा अंगठा धुराच्या कडेला येऊन थांबलेला.

शनिवारी बापूस उठला, बाकं मोजत आला.
"हात लावू?"
नाही म्हणायला हवं होतं.
होडीच्या फळीत भेग शोधावी तसा अंगठा फिरवत गेला.
माशाच्या पोटावर थांबला. "हंय जाड आसा."
तिथं पांढरा रंग होता, खवल्यांसारखा थापलेला.
"आणि हंय कायच नाय."
तिथं भिंत, सावली,
रंग इतका पातळ की सुताची वीण लागते.

मग तो उजेडाउजेडानंच गेला,
पोराच्या मनगटावरून, नखावरून,
आणि धुरात शिरला,
जिथं मी अजून काही काढलं नव्हतं.
"हंय पण आसत," म्हणाला. "दोन थेंब. जाड."

रविवारी मिसा संपल्यावर पाद्रींनी विचारलं,
एवढंच का राहिलं?
म्हटलं, थुंकी संपली.