बरोबरची खूण

तिकिटाच्या पानावर अगदी तळाशी
एक रिकामा चौकोन होता.
शेजारी बारीक अक्षरात: तुमच्या वाटणीचा धूर
चौदा झाडं पिऊन टाकतील. आठशे चाळीस रुपये.
मी खूण केली, बरोबरची,
सुर्वेबाई वहीत करायच्या तशी, लांब शेपटीची,
आणि वही परत मिळाल्यासारखं हलकं वाटलं.

बडोदा, दिल्ली, ताश्कंद, बिश्केक,
पुढं घोडा, पुढं कमरेला दोर बांधून बर्फ.
बेचाळिसाव्या वर्षी मला हिमनदीची भेग बघायची होती.
का, ते विचारू नका.
आमच्याकडं उंच म्हणजे राजवाड्याचा मनोरा
आणि बर्फ म्हणजे सूरसागरकाठचा कालाखट्टा गोळा.

बाबा कोयलीच्या रिफायनरीत तेहतीस वर्षं.
लहानपणी गच्चीवरून ती ज्योत दिसायची,
पावसात, संचारबंदीत, परीक्षेच्या रात्री,
एकदाही न विझलेली.
ते म्हणायचे, लोक उडतात
ते माझ्या पाळीत गाळलेल्या तेलावर.
स्वतः विमानात कधी बसले नाहीत.
त्यांना चौकोनाचं सांगितलं.
सेव-उसळीचा रस्सा पावानं पुसत म्हणाले,
"तुझा धूर झाडं पितील. आणि माझा?"

पावतीवर झाडांचा पत्ता होता,
कवांटच्या अलीकडं, सर्व्हे नंबरसकट.
मी हिशेबाची बाई. व्हाउचर बघितल्याशिवाय
सही करत नाही.
रविवारी निघाले.

तारेचं कुंपण. आत निलगिरीच्या काटक्या,
कवायतीला उभ्या केलेल्या अशक्त पोरांसारख्या.
चावी रेशलीबेन राठवाकडं.
कुंपणाबाहेर तिच्या शेळ्या
परवापर्यंत जिथं चरायच्या तिकडं
तोंड वर करून बघत होत्या.
मी म्हटलं, यातली चौदा माझी.
तिनं वाद घातला नाही.
बोटानं एक रांग मोजून दिली, "ले, आ तारां."
तिसरं आणि नववं वाळलेलं होतं.
मेलेलीही मोजायची का, तिनं विचारलं,
मला खरंच ठाऊक नव्हतं.
मग, विमानात किती वेळ बसणार?
सगळं मिळून सात तास.
आणि ही मोठी व्हायला?
वीस वर्षं, मी म्हटलं. जगली तर.
ती हसली.
"एवढी उधारी मला किराणावाला देत नाही."

परतताना आमच्या सोसायटीचा कोपरा.
तिथला वड रस्ता रुंद करताना गेला.
वडांवरून नाव पडलेलं गाव,
आणि तीन दिवस करवत चालली.
वटवाघळं आठवडाभर येत राहिली
त्या रिकाम्या हवेला लटकायला.
त्याची पावती कुणाकडं नाही.

तरी मी गेले.

खोटं कशाला बोलू, भेग सुंदर होती.
आतला निळा मी अजून कुणाला
नीट सांगू शकलेले नाही.
वाटाड्या नुरलान, त्याच्याकडं शब्द कमी.
त्यानं खडकावर रंगवलेला आकडा दाखवला,
सहा वर्षांपूर्वीचा,
मग दूरचा बर्फ, मग पुन्हा आकडा.
मधे नुसते ओले दगडगोटे.
त्या जागेत मी माझी बारा जिवंत, दोन वाळलेली
मनातल्या मनात लावून बघितली.
मूळ धरेनात.
त्यानं थर्मासमधला चहा दिला. गोड होता.

उतरताना बडोद्यावर रात्र.
खिडकीतून शहर सापडण्याआधी
मला कोयलीची ज्योत सापडली,
वाऱ्यानं वाकलेली, लांब शेपटीची.
कुणी केलेली, कशापुढं,
तेवढ्या उंचीवरून दिसत नव्हतं.
शेजारचा माणूस म्हणाला,
पट्टा बांधा.